दोन वर्षांचा करार, दहा वर्षांचे हप्ते

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याचे, पंचवीस वर्षं इंग्लंडमध्ये लेस्टरला आहोत. मुलगा २२ वर्षांचा, वेगवान गोलंदाज. यंदा काउंटीने (इथल्या व्यावसायिक क्रिकेट क्लबने) त्याच्याशी दोन वर्षांचा करार केला, पगार वर्षाला ३४,००० पौंड. घरीच राहतो, त्यामुळे वर्षाला १४,००० शिल्लक पडतात. लाइफटाइम आयसामध्ये (ब्रिटनमधल्या पहिल्या घरासाठी किंवा निवृत्तीसाठीचं बचत खातं) सरकारी बोनस धरून १०,००० आहेत. ते मोडून, माझी भर घालून, त्याच्या नावावर बाणेरला ९५ लाखांचा फ्लॅट घ्यायचा आहे. कर्ज ७५ लाख, हप्ता तो भरेल. दहा वर्षं खेळला की बेनिफिट (जुन्या खेळाडूसाठी क्लबच्या चाहत्यांकडून जमवलेला निधी) मिळेल, त्यात उरलेलं फिटेल. एका ओळखीच्या एजंटकडून त्याला गॅरंटीड इन्कम पॉलिसीही घेतली आहे : दहा वर्षं पाच लाख भरायचे, तेराव्या वर्षापासून दहा वर्षं साडेनऊ लाख मिळणार. तीन आठवड्यांपूर्वी तिची पीडीएफ ई-मेलवर आली. कर्ज १५ वर्षांचं घ्यावं की २० वर्षांचं?

उत्तर : कर्जाचं राहू द्या, आधी पॉलिसी. ती परत करायला तुमच्याकडे जेमतेम आठवडा उरला आहे.

पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती रद्द करता येते. याला फ्री-लूक म्हणतात आणि ई-मेलने आलेल्या पॉलिसीचे दिवसही ई-मेल आल्यापासूनच मोजतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी हप्ता परत मिळतो. मुदत टळल्यावर मोडली तर भरलेली मुद्दलही पुरती परत येत नाही.

पॉलिसी मुलाच्या नावे आहे, तेव्हा अर्ज त्यानेच करायचा, आणि तोही कंपनीकडे नोंदवलेल्या ई-मेलवरून. ‘फ्री-लूकमध्ये पॉलिसी रद्द करावी’ असं स्पष्ट लिहा. पॉलिसी क्रमांक आणि ती मिळाल्याची तारीख घाला, ज्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून हप्ता गेला त्याचा रद्द केलेला चेक जोडा. विनंतीचा नोंद क्रमांक मिळेपर्यंत पाठ सोडू नका. दाद लागली नाही तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करा. एजंटच्या हातात अर्ज देऊ नका. ‘बघतो, सांगतो’ म्हणण्यात आठवडा सहज निघून जातो.

‘पन्नास लाखांचे पंचाण्णव लाख’ ऐकायला छान वाटतं. हिशेब असा : प्रत्येक पाच लाखांचे बारा वर्षांनी साडेनऊ लाख, म्हणजे वर्षाला साडेपाच टक्के, आणि तेही रुपयांत. वीस वर्षांपूर्वी पौंड ८० रुपयांच्या आसपास होता, आज ११७ धरू. रुपयाची ही दोन टक्क्यांची घसरण वजा करा, उरतात साडेतीन. भारतात करमुक्त म्हणून सांगितलं असेल, पण मुलगा कर भरतो ब्रिटनमध्ये आणि तिथला कर या पैशांवर लागू शकतो. मुळात त्याच्या कमाईवर कुणाचं घर चालत नाही. त्याला आज आयुर्विमा हवा कशाला? दोन वर्षांचा करार असलेल्या मुलाच्या गळ्यात दहा वर्षांचे हप्ते बांधणाऱ्याने कमिशनपलीकडे काही पाहिलेलं नाही.

तुमची खरी चूक मात्र पॉलिसीच्याही मागे आहे : ‘दहा वर्षं खेळला की’. विशीतल्या वेगवान गोलंदाजाच्या कमरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर होणं ही नेहमीची गोष्ट आहे. एप्रिलमध्ये झालं तर तो मोसम गेलाच. पुढच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करार वाढवायचा की नाही हे ठरतं, तेव्हा काउंटीसमोर चार महिन्यांची गोलंदाजी असते आणि त्यातलीही बरीच सेकंड इलेव्हनमधली, म्हणजे दुय्यम संघातली. म्हणून त्याच्या मिळकतीचा हिशेब दोन मोसमांचाच धरायचा. हातात वर्षाला साधारण २७,००० येतात. फ्लॅटचा हप्ता महिना ६५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ६,७०० पौंड. त्यात पॉलिसीचे ४,३०० मिळवा. झाले ११,०००. चोविसाव्या वर्षी करार सुटला तर हे कोण भरणार? बाणेरचं भाडं अर्धा हप्ताही भागवणार नाही.

बेनिफिटवर तर विसंबूच नका. १९२७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (ब्रिटनचं तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) केंट काउंटीचे खेळाडू जेम्स सेमूर यांच्या बेनिफिटची रक्कम पगार नसून भेट आहे असं ठरवलं, म्हणून ती करमुक्त झाली. एप्रिल २०१७ पासून ही सूट पहिल्या एक लाख पौंडांपुरतीच आहे आणि करारात बेनिफिटचा हक्क लिहिलेला असेल तर तीही नाही. म्हणजे करमुक्त हवं तर त्यावर हक्क नसावाच लागतो. अशा पैशांवर वीस वर्षांचं कर्ज काढायचं नसतं.

आता फ्लॅट. लाइफटाइम आयसा असा मोडला की २५ टक्के कापतात : १०,००० चे ७,५००, म्हणजे त्याने स्वतः भरलेल्या ८,००० मधलेही ५०० गेले. त्याहून मोठा फटका पुढे आहे. जगात कुठेही घर नावावर झालं की ब्रिटनमध्ये तो ‘पहिलं घर घेणारा’ राहत नाही. लेस्टरला अडीच लाख पौंडांचं घर घेताना आज त्याला मुद्रांक कर शून्य आहे. बाणेरचा फ्लॅट नावावर असेल तर १५,००० : नेहमीचे अडीच हजार आणि दुसऱ्या घराचे पाच टक्के म्हणून साडेबारा हजार. फ्लॅट विकला तर ते पाच टक्के टळतील, पण पहिल्या घराचा हक्क परत येत नाही. पुण्यात घर हवंच असेल तर तुमच्या नावावर, तुमच्या पैशांनी घ्या.

त्याच्या १४,००० पैकी दरवर्षी ४,००० लाइफटाइम आयसात जाऊ द्या, सरकार वर १,००० घालतं. बाकी १०,००० कधीही काढता येतील असे कॅश आयसामध्ये, म्हणजे करमुक्त बचत खात्यात. करार संपेल तेव्हा दीड वर्षाचा खर्च भागेल एवढे २०,००० हाताशी असतील. काउंटीची पेन्शन योजना सोडू नये, मालकाचा वाटा मिळतो. त्यापुढे जादा भरू नये, ते पैसे ५७ वर्षांच्या आत हाती येत नाहीत.

ऑक्टोबर ते मार्च सामने नसतात. प्रोफेशनल क्रिकेटर्स असोसिएशनकडे क्रिकेटनंतरच्या शिक्षणासाठी आणि कामासाठी मार्गदर्शन मिळतं. त्याने याच हिवाळ्यात तिथे भेटून एखादा अभ्यासक्रम निवडावा. त्यासाठी त्या १०,००० मधले हजार-दोन हजार खर्च झाले तरी मला चालतील.