शिकागोजवळच्या स्टार्व्ड रॉक स्टेट पार्कला आईबाबांना घेऊन नदीकाठी कॅम्पिंग करता येईल का?

मे महिन्यात आईबाबा भारतातून येतायत, सोबत सहा वर्षांची लेक आहे आणि इलिनॉय नदीच्या काठावर दोन रात्री तंबू टाकायचाय, असं तुम्ही लिहिलंय. जमेल की. फक्त ते 'नदीच्या काठावर' डोक्यातून काढा. कॅम्पग्राउंड नदीपासून लांब, वर झाडीत आहे, तिथून पाणी दिसतसुद्धा नाही. शंभरावर जागा आहेत आणि विजेची सोय आहे. पण नदीवर किंवा घळींकडे जायचं तर गाडी काढावी लागते. नदीत पोहायलाही बंदी आहे. शेजारीच धरण आहे, मालवाहू बार्ज ये-जा करतात. नदी बघायची ती स्टार्व्ड रॉकच्या माथ्यावरून. साधारण १२५ फूट उंच खडक, वरपर्यंत लाकडी जिने. माझे सासरे ७१ वर्षांचे, तीनदा टेकले, पण चढले.

खरी मजा नदीपेक्षा घळींची. अशा १८ आहेत. हिमयुगाच्या अखेरीस बर्फ वितळून जे महापूर आले, त्यांनी नदीचं खोरं खोल कापलं आणि मग बाजूच्या ओढ्यांनी मऊ वालुकाश्मात या घळी कोरल्या. सासऱ्यांनी आत शिरताच निकाल दिला, "हे आपलं सांदणच, जरा मवाळ." मवाळ बरोबर आहे. सह्याद्रीतल्या सांदण दरीचा आपला काळा कातळ नखाला दाद देत नाही. इथे भिंतीवर बोट घासलं की पिवळसर रेती हाताला येते. म्हणूनच लोकांनी नावं कोरून भिंती विद्रूप केल्यात. त्यात आपली भर नको.

आम्ही पहिल्यांदा ऑगस्टमध्ये गेलो होतो. धबधबा म्हणून भिंतीवर एक ओला पट्टा! बायको दिवसभर बोलली नाही. पुढच्या वर्षी मेमध्ये, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर, फ्रेंच कॅन्यन नावाच्या घळीत तेच पाणी पायऱ्या-पायऱ्यांनी धावत खाली येत होतं. म्हणजे तुमचा महिना बरोबर आहे, फक्त आदल्या दिवशी पाऊस पडू दे म्हणा. फ्रेंच कॅन्यन व्हिजिटर सेंटरपासून जेमतेम अर्धा मैल आहे, आईबाबांना तेवढं पुरे. तळाशी ओला दगड शेवाळलेला असतो, त्यामुळे चपला नकोत, चांगली पकड असलेले बूट घाला. लेकीला कड्यापाशी हाताला धरूनच चालवा, इथे पडून माणसं दगावली आहेत. संध्याकाळी पायजम्यावरून गोचीड झटका.

नावामागची गोष्ट आईबाबा विचारतीलच. १७६० च्या दशकात शत्रू टोळ्यांनी इलिनॉय या मूळनिवासी जमातीच्या लोकांना या खडकावर कोंडलं आणि ते उपासमारीने मेले, म्हणून 'स्टार्व्ड'. ही दंतकथा आहे, ठोस पुरावा नाही. त्याआधी १६८२-८३ च्या हिवाळ्यात फ्रेंचांनी माथ्यावर किल्ला बांधला होता, हे मात्र खरं. 'किल्ला' ऐकून सासरे वर बुरूज शोधत बसले. काही शिल्लक नाही.

शिकागोहून आय-८० ने दीड-दोन तास, युटिकाच्या फाट्यावर उतरायचं. शनिवार-रविवार टाळाच. दहा-अकरानंतर पार्किंग भरतं आणि गाड्या परत पाठवतात. सोमवारी पोहोचून बुधवारी निघालात तर मोकळं मिळेल. जळाऊ लाकूड घरून नेऊ नका, तिथलंच घ्या. लाकडातून झाडं पोखरणारे किडे पसरतात. बाबांना जमिनीवर झोपणं जड जाणार असेल तर १९३० च्या दशकातला लाकडी लॉज आहे. त्यांची खोली तिथे, तुमचा तंबू इकडे, यात कमीपणा काही नाही.

आणि खाण्याचं सगळं रात्री गाडीत बंद. आम्ही कूलर बाकाखाली ठेवला होता. पहाटे दोनला खडबड झाली म्हणून टॉर्च मारला, तर रॅकून दोन्ही हातांनी पोळ्यांचा फॉइल सोलत बसलेला. पळालासुद्धा नाही. चिवडा आधीच संपवला होता. ठेच्याच्या डब्याचं झाकण काढून परत तिथेच टाकलं होतं.