एकाच कंपनीच्या सिमला लॉक असलेला स्वस्त फोन आईसाठी घ्यावा का? आणि त्याला अपडेट येतात का?

घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही धुळ्याला असता, आई साक्री तालुक्यातल्या गावी. हा फोन मोकळ्या फोनपेक्षा हजार-दीड हजाराने स्वस्त पडतोय, अट एवढीच की १८ महिने त्याच कंपनीचं सिम चालेल. आणि दुकानदार म्हणतो, अपडेट येत राहतात, काळजी नको. दुकानदार असं म्हणणारच, त्याला माल काढायचाय.

माझं चोपड्यात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, ई-केवायसी, पोरांचे दाखले, सगळं. दिवसभर गावोगावच्या लोकांचे फोन माझ्या टेबलावर पडलेले असतात. कोणाला ओटीपी येत नाही, कोणाच्या फोनात ॲप चढतच नाही, कोणाचा फोन भरून वाहतोय, हे फोन हातात घेतल्या घेतल्या कळतं. आणि एवढं असून आमच्या घरी आप्पांसाठी, म्हणजे वडिलांसाठी, फोन आला तेव्हा मला कोणी काडीची किंमत दिली नाही.

झालं असं. आखाजीला ताई माहेरी आली, सोबत पाहुणेही आले. पाहुणे म्हणजे ताईचे यजमान, जळगावला असतात, आणि मोबाईलमधलं सगळं आपल्यालाच कळतं अशी त्यांची ठाम समजूत. येताना आप्पांसाठी नवा फोन आणलेला. मी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि म्हटलं, "पाहुणे, हा लॉक आहे. आपल्या वावरात या कंपनीचा टॉवर लागत नाही." ते हसले. "शालकसाहेब, कुठल्या जमान्यात आहात? टॉवर आता कुठे नाही?" मी पुढे बोलणार तेवढ्यात मायने आत बोलावलं आणि दबक्या आवाजात सांगितलं, "जवाईले काही बोलू नको." सणाचा दिवस, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस ताटात वाढलेला. गप्प बसलो.

फोन देऊन थांबले असते तरी चाललं असतं. पण पाहुण्यांनी त्याच बैठकीत आप्पांचा नंबरही पोर्टला टाकला, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायला. १९०० वर मेसेज, कोड आला, गावातल्या सिमवाल्या पोराला बोलावून आप्पांचा अंगठा घेतला, झालं काम. तो नंबर आप्पांकडे कित्येक वर्षांपासून होता. बँक, आधार, सोसायटी, जिनिंगवाले, केळीचे व्यापारी, सगळीकडे तोच दिलेला. पाहुणे रविवारी जळगावला गेले. नंबर त्यानंतर दोन-तीन दिवसांत तिकडे गेला.

आमचं वावर सातपुड्याच्या पायथ्याला आहे. तिथे एका कंपनीचा टॉवर बरा चालतो, दुसऱ्याचा बांधावरच्या एका निंबाखाली उभं राहिलं तर, आणि पाहुण्यांच्या कंपनीचा अजिबात नाही. कधीकधी तर डोंगरापलीकडचं मध्य प्रदेशाचं नेटवर्क पकडतं. विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवलाय. शेतीची लाईट पाळीने येते, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. लाईट आली की स्टार्टर आप्पांना फोन करतो आणि आप्पा बटण दाबून मोटर चालू करतात. (जाता जाता: यातले बरेच स्टार्टर टूजीवर चालतात, म्हणून त्यात जिओचं सिम चालत नाही, जिओकडे टूजी मुळातच नाही. दुकानात हे कोणी सांगत नाही, लोक सिम टाकून बघतात आणि स्टार्टर खराब म्हणून परत आणतात.) आप्पा वरच्या अंगाला कापसाच्या रानात असले की स्टार्टर फोन लावून लावून थकायचा. वैशाखातलं ऊन, खाली केळी उभी, लाईट येऊन गेलेली आणि मोटर बंद. संध्याकाळी घरी आले की म्हणायचे, "फोन ते चांगला शे, पन वावरमा मुका व्हई जास."

मग त्यांनी मायचं सिम काढून नव्या फोनात घातलं. स्क्रीनवर आलं: सिम नेटवर्क अनलॉक पिन. त्याखाली रिकामा चौकोन. आप्पांनी त्यात एटीएमचा पिन टाकून बघितला. नाही चालला म्हणून माझ्या दुकानात आले, फोन टेबलावर ठेवला. "हाई काय मांगी राह्यना?" काय सांगणार. तो कंपनीचा पिन, तो त्यांच्याकडे. म्हटलं नंबर परत पोर्ट करून टाकू. तर ट्रायचा, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकाचा, नियम असा की एकदा पोर्ट केला की ९० दिवस त्या कंपनीत काढल्याशिवाय पुन्हा पोर्ट करता येत नाही. म्हणजे नंबर अडकला आणि फोनही. त्या अख्ख्या उन्हाळ्यात आप्पा दोन फोन घेऊन फिरले, बंडीच्या एका खिशात मायचा बटनाचा, दुसऱ्यात जावयाचा. बँकेचा ओटीपी जावयाच्या फोनावर, म्हणजे पैसे काढायला वावरातून घरी.

हेल्पलाइनला फोन केला तर बाई म्हणाल्या, सॉफ्टवेअर अपडेट करून बघा, नेटवर्क सुधारेल. अपडेट दीडेक जीबीचं. गावात नेट चालतं ते घराच्या धाब्यावर चढलं तरच. फोन रात्रभर धाब्यावर ठेवला, खाटेच्या उशाशी, चार्जरची वायर खालून ओढून. सकाळी अपडेट बसलेलं. काय बदललं? वॉलपेपर नवा, कंपनीची दोन ॲप पुन्हा हजर, जी काढता येत नाहीत, आणि सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्तीची, तारीख तरीही कित्येक महिने जुनी. वावरात टॉवर तसाच शून्य. अपडेटने टॉवर उभा राहत नाही हे त्या बाईंनाही माहीत असणार.

पाहुण्यांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "फोन फुकट मिळाला, आता टॉवरही मीच लावू का?"

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. अपडेट येतात. पण कोणतं आणि कधी, ते विचारा. नवं अँड्रॉइड गूगल काढतं, मग चिपवाला, म्हणजे क्वालकॉम किंवा मीडियाटेक, ते आपल्या चिपवर बसवतो, मग फोनची कंपनी त्यावर आपली रंगरंगोटी आणि ॲप चढवते, आणि जिथे फोन सिमकंपनीच्या नावावर विकला जातो तिथे तीही तपासून हो म्हणते. तुम्ही साक्रीचे, पांझरेचे फड, म्हणजे नदीचं पाणी पाटाने पाळीपाळीने वाटायची जुनी पद्धत, तुम्हाला सांगायला नकोत. फडात पाटाच्या शेवटच्या शेतालाही पाळी ठरलेली असते. स्वस्त फोनाला तेवढीही खात्री नाही.

गूगलला हे माहीत होतं. म्हणून त्यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये अँड्रॉइड वन आणलं, तेही जगात सगळ्यात आधी भारतात, मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइसच्या स्वस्त फोनांवर. मधले हात कमी करायचे, अपडेट सरळ द्यायचं. स्वस्त फोनांत ते फार काळ टिकलं नाही. २०१७ ला अँड्रॉइड ८ सोबत प्रोजेक्ट ट्रेबल आलं, चिपवाल्याचा भाग खाली वेगळा ठेवायचा म्हणजे वरचा बदलायला सोपा. त्याने फरक पडला, पण फायदा महागड्या फोनांना जास्त. गूगलच्या २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगच्या २०२४ च्या गॅलॅक्सी एस२४ ला कंपन्यांनी सात-सात वर्षांची हमी दिली. सहा हजाराच्या फोनाला कोण देतंय? युरोपात जून २०२५ पासून नियम आहे की मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट द्यायचं. आपल्याकडे कंपनी म्हणेल ती पूर्व दिशा.

आणि अपडेटचा सिमकंपनीशी संबंध काय, असं वाटत असेल तर २०२२ आठवा. १ ऑक्टोबरला फाइव्हजीचं उद्घाटन झालं. फाइव्हजी लिहिलेले फोन लोकांनी आधीच घेऊन ठेवले होते, पण त्यातल्या कित्येकांवर फाइव्हजी चालेना, कारण फोनच्या कंपनीने ते सॉफ्टवेअरमधून चालूच केलेलं नव्हतं. आयफोनवाल्यांना तर डिसेंबरात आयओएस १६.२ येईपर्यंत थांबावं लागलं. त्यातही जिओने स्टँडअलोन पद्धत घेतलेली (फाइव्हजी स्वतःच्या बळावर), एअरटेलने तेव्हा नॉन-स्टँडअलोन (फोरजीच्या आधाराने), त्यामुळे एकाच फोनावर एका सिमचं फाइव्हजी चाले आणि दुसरं अपडेटची वाट बघत बसे. हे मोकळ्या फोनांचं. लॉक फोनात दुसऱ्या कंपनीचं काही नीट चालावं याची घाई कोणाला असणार?

पाहुण्यांचा मुद्दा असा की कंपनी स्वतःच्या खिशातले पैसे घालून गरिबाला फोन देते, त्यात वाईट काय. हा मुद्दा २००३ पासून ऐकतोय. तेव्हा रिलायन्सने ५०१ रुपये भरून फोन हातात दिला होता, सीडीएमए नावाच्या तंत्राचा, नंबर फोनातच भरलेला, सिम काढून दुसऱ्यात टाकायची सोयच नाही. त्या फोनाने खेड्यापाड्यात मोबाईल नेला हे मी नाकारत नाही. पण तेव्हा दुसरा स्वस्त पर्याय नव्हता. अमेरिकेत आयफोन २००७ पासून २०११ च्या फेब्रुवारीपर्यंत एकट्या एटी अँड टीकडेच होता, पण तिथे निदान १९९ डॉलरला आयफोन थ्रीजी मिळत होता, दोन वर्षांच्या करारावर. आपल्याकडे तोच २२ ऑगस्ट २००८ ला एअरटेल आणि व्होडाफोनकडून आला, ८ जीबीचा, ३१,००० रुपयांना. म्हणजे पैसेही पूर्ण आणि दुकानंही दोनच. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून लॉक फोन विकायलाच बंदी घातली. आपल्याकडे २० जानेवारी २०११ ला नंबर पोर्ट करायचा हक्क देशभर मिळाला, आणि आता फोनच बांधून दिला तर त्या हक्काचं करायचं काय?

शहरात राहणाऱ्याला लॉक दिसतच नाही. जळगावात, धुळ्यात चारही कंपन्यांचे टॉवर आहेत, कुठलंही सिम चालतं, त्यामुळे पाहुण्यांना वाटतं की फोन म्हणजे फोन. गावाला कुठली कंपनी चालते ते डोंगर ठरवतो, आणि ते गल्लीगणिक बदलतं. आमच्या गावात खालच्या आळीत एक चालते, वरच्या आळीत दुसरी. म्हणून माझ्या दुकानात येणाऱ्या शेतकऱ्यांच्या फोनात दोन सिम असतात आणि दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची. ई-पीक पाहणीचा फोटो वावरात उभं राहूनच काढावा लागतो, तिथे ज्याचा टॉवर त्याचं सिम. हौस म्हणून कोणी दोन रिचार्ज मारत नाही.

तरी थोडं सांभाळून सांगतो. तुमच्या आईच्या घरी, अंगणात, वावरात, जिथे जिथे त्या जातात तिथे त्याच कंपनीचा टॉवर भरपूर असेल आणि त्या आजही तेच सिम वापरत असतील, तर लॉक असो नसो, फरक पडणार नाही. तेवढे पैसे वाचवा. आधी कोणाचं तरी त्या कंपनीचं सिम दोन दिवस मागून घ्या, आईच्या जुन्या फोनात टाका, आणि स्वयंपाकघरात, मळ्यात, सगळीकडे बोलून बघा. दुकानात उभं राहून टॉवर बघू नका. अँड्रॉइडचा आकडा १३ आहे की १४ याच्या मागेही लागू नका, आईंना त्याने काही होत नाही. सेटिंग्जमध्ये अबाउट फोन उघडून सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. दुकानातल्या नव्या फोनावरच ती वर्षभर जुनी असेल तर पुढे काय येणार ते समजून जा. बजेट तेवढंच असेल तर चांगल्या कंपनीचा वापरलेला मोकळा फोन घ्या, बॅटरी बदलून. मी आप्पांना शेवटी तसाच घेऊन दिला, दुकानात आलेल्या एका मास्तरांचा. वावरात चालतो.

आणि आईचा नंबर कोणालाही पोर्टला टाकू देऊ नका, निदान पहिले काही महिने तरी नाही. नव्या कंपनीचं नवं सिम घ्या, ते चालवून बघा, मग काय ते ठरवा. जावई कितीही घाई करो.

१८ महिन्यांनी लॉक आपोआप निघतो असं दुकानदार म्हणाला असेल तर ते लेखी मागा, बिलही जपून ठेवा. आमची मुदत केव्हाच संपली. हेल्पलाइन म्हणते बिलाची प्रत पाठवा. बिल पाहुण्यांकडे. मागितलं तर म्हणाले, भेटवस्तूचं बिल मागतात का कुठे. फोन आता नातवंडं व्हिडिओ बघायला घेतात, माझ्या वायफायवर. पाहुणे इथली उत्तरं वाचतात हे मला माहीत आहे, तेव्हा इथेच लिहितो: बिल अजून हवंय, फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकलात तरी चालेल.