उद्धरणांच्या तक्त्यात संस्थेचे काम किती दिसते?

प्रश्न : मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. संशोधन संस्थांची तुलना हल्ली शोधनिबंधांची संख्या आणि त्यांना मिळालेली उद्धरणे (म्हणजे इतर लेखांत दिले गेलेले त्यांचे दाखले) यांवरून केली जाते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेसारख्या जुन्या संस्थेचे काम या आकड्यांतून कितपत कळते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अर्धेमुर्धेच. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे उद्धरणांची नोंद ठेवणारे संग्रह प्रामुख्याने निवडक नियतकालिके मोजतात. गूगल स्कॉलर ग्रंथ व अहवालही धरतो, मात्र त्यात दुबार नोंदी शिरतात. म्हणून एकाच लेखाचे तीन ठिकाणी तीन आकडे दिसतात.

गोखले संस्था १९३० साली स्थापन झाली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांच्या काळातील काम, उदाहरणार्थ पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी, मुख्यतः ग्रंथरूपाने बाहेर आले आणि संस्थेचे ‘अर्थविज्ञान’ हे नियतकालिक १९५९ मध्ये सुरू झाले. या जुन्या ग्रंथांची उद्धरणे आजच्या संग्रहांत तुटक मिळतात.

वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचे दारिद्र्यावरील लेखन घ्या. दोघेही गोखले संस्थेतले. लेखन १९७१ च्या जानेवारीत ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त दोन भागांत आले आणि पुस्तक मात्र पुण्याच्याच दुसऱ्या संस्थेने, इंडियन स्कूल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमीने प्रकाशित केले. मग श्रेय कोणाच्या खात्यात मांडायचे? शिवाय दारिद्र्यरेषेसाठी दररोज माणशी २,२५० उष्मांकांचा त्यांचा निकष चर्चेत इतका मुरला, की पुष्कळांनी मूळ लेखाचा दाखला न देताच तो वापरला. कल्पना सर्वमान्य झाली की तिचे मूळ पुसले जाते, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखवून दिलेच होते.

एच-निर्देशांकाचाही भरवसा बेताचाच. किमान तितकीच उद्धरणे मिळालेले किती लेख आहेत, ते तो सांगतो. एका लेखाला ५०० आणि उरलेल्या नऊ लेखांना प्रत्येकी तीन उद्धरणे असतील, तर निर्देशांक ३ येतो. जिने विषयाची दिशा बदलली ती संस्था आणि जिचे सगळेच लेख जेमतेम वाचले गेले ती संस्था, दोन्ही एकाच रांगेत बसतात. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे लेखामागे सरासरी उद्धरणे, तर नियतकालिकाचा असतो, लेखाचा नव्हे, आणि त्याची नेहमीची मुदत दोन वर्षांची. सामाजिक शास्त्रांतील लेख पुष्कळदा त्यानंतरच वाचला जाऊ लागतो.

आपल्याला तुलना करायचीच असेल, तर अर्थशास्त्राच्याच संस्था घ्याव्यात, निदान दहा वर्षांचा काळ धरावा, सरासरीऐवजी मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) पाहावा आणि सर्वाधिक उद्धृत पाच लेख स्वतः वाचावेत. त्यांचा दाखला मान्य करण्यासाठी दिला आहे की खोडण्यासाठी, हे मोजदादीत कळत नाही.