प्रमाणपत्राची मागची बाजू

प्रश्न : बाई, सप्रेम जय ख्रिस्त. माझं वय २७, शिक्षण बी.ए. मराठी, ५४ टक्के. सहा वर्षं आमच्या चर्चच्या संडे स्कूलमध्ये शिकवते आणि दोन वर्षांपासून चर्चच्याच बालवाडीत आहे, महिना साडेचार हजारांवर. मला शाळेत शिक्षिका व्हायचंय. मुलगा तीन वर्षांचा, मिस्टर एमआयडीसीत शिफ्टला, त्यामुळे रोज कॉलेजला जाणं कठीण. मोबाइलवर एका ख्रिस्ती दूरशिक्षण कॉलेजची जाहिरात आली. घरबसल्या १४ महिन्यांत बी.एड., ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’, फी ३८ हजार, शनिवारपर्यंत पाच हजार भरले तर सवलत. आमच्या पाळकसाहेबांच्या ओळखीतल्या एकानं हा कोर्स केलाय म्हणे. शिक्षण ख्रिस्ती वातावरणात व्हावं अशी फार इच्छा आहे. भरू का पैसे?
— एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : नको भरूस. शनिवार जाऊ दे.

तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस. मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले तेव्हा दहावीला बसलेल्या माझ्या मुली आज तुझ्याच वयाच्या आहेत.

जाहिरातीतला ‘१४ महिने’ हा एक शब्दच पुरेसा आहे. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं आहे आणि त्यात मिळून २० आठवडे शाळेत काढावे लागतात, त्यातले १६ सलग म्हणावे असे दुसऱ्या वर्षी. वर्गात उभं राहायचं, पाठ घ्यायचे, मागच्या बाकावर बसलेल्या मार्गदर्शकाचे शेरे ऐकायचे. हे घरबसल्या कसं होणार? म्हणून तर दूरशिक्षणाच्या बी.एड.ला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं, म्हणजे एनसीटीईनं, दारातच अट घातलीय. प्राथमिक शाळेत सेवेत असलेले प्रशिक्षित शिक्षक, किंवा परिषदेची मान्यता असलेलं एखादं शिक्षक-प्रशिक्षण नियमित वर्गात बसून आधीच पूर्ण केलेले उमेदवार, यांच्यासाठीच ते आहे. इग्नूचं बी.एड. याच अटीवर चालतं, आणि नाशिकचं आपलं मुक्त विद्यापीठही सेवेतल्या प्राथमिक शिक्षकांनाच घेतं. तुझी बालवाडीची दोन वर्षं यात धरली जात नाहीत. प्राथमिक म्हणजे पहिली ते आठवी.

थोडक्यात, तुझ्यासारख्या नव्या मुलीला दूरशिक्षणानं बी.एड. द्यायची मुभा ना सरकारी विद्यापीठाला आहे ना ख्रिस्ती कॉलेजला. जाहिरातवाल्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

आता एक जुनी गोष्ट सांगते. चूक माझीही होती, म्हणून नावं घेत नाही.

२००९ च्या जूनमध्ये आमच्या शाळेत विज्ञानाची एक जागा भरायची होती. आमची शाळा मिशनची, अल्पसंख्याक दर्जाची, त्यामुळे शिक्षक निवडायचा अधिकार संस्थेचा. एक मुलगी आली, पंचविशीची. पाठ दाखव म्हटल्यावर तिनं शिपायाकडून पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला मागवला, त्यावर एक पोस्टकार्ड ठेवलं आणि पेला सरळ खजिनदारांच्या डोक्यावर उलटा धरला. थेंबही सांडला नाही. हवेचा दाब त्या दिवशी आम्हा पाच जणांना पहिल्यांदा कळला असेल. प्रमाणपत्र जाड कागदाचं, कोपऱ्यात सोनेरी शिक्का, शिक्क्यात कबुतर, खाली पवित्र शास्त्रातलं वचन. ‘इंटरनॅशनल’ आणि ‘ॲक्रेडिटेड’ हे दोन्ही शब्द होते. खजिनदार म्हणाले, ‘‘आपल्यातलीच मुलगी आहे, आणखी काय बघायचं?’’ मी सही केली.

मग तिच्या वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव शिक्षणाधिकारी कार्यालयात गेला. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. अनुदानित शाळेनं नेमणूक केली म्हणून पगार सुरू होत नाही, त्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते. (आता वर शालार्थ या सरकारी पगारप्रणालीचा आयडीही लागतो.) तोवर आम्ही तिला शाळेच्या फंडातून तीन हजार देत होतो. चौदा महिन्यांनी फाइल परत आली. त्रुटीच्या रकान्यात लाल शाईनं एक ओळ होती : पदवी देणारी संस्था मान्यताप्राप्त नाही. तिला माझ्या खोलीत बोलावून ते सांगावं लागलं. ती रडली नाही. म्हणाली, ‘‘बाई, मग मी परीक्षा कसली दिली?’’ खरंच दिली होती तिनं, एका मंगल कार्यालयात बसून, चार पेपर.

त्या संध्याकाळी मी ते प्रमाणपत्र पहिल्यांदा उलटं करून पाहिलं. मागे काहीच नव्हतं, ना गुणांची श्रेणी, ना नियम, ना विद्यापीठ कोणत्या कायद्यानं स्थापन झालं त्याचा उल्लेख. कोरी पाठ म्हणजे खोटंच असं नव्हे, पण तेव्हापासून कागद उलटा करायची सवय लागली ती लागलीच. आता भाचीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा उलटून बघते.

त्या मुलीनं पुढे नियमित बी.एड. केलं, वयाच्या ३१व्या वर्षी. मधली सहा वर्षं तिला कुणी परत दिली नाहीत.

तुझ्या जाहिरातीतली ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ नेमकी कोणाची, हे त्यांना फोन करून विचार. बहुतेक जण ट्रस्टची नोंदणी, आयएसओचा कागद, नाहीतर परदेशातल्या कुठल्याशा मंडळाचं पत्र पाठवतात. नोंदणी तर आमच्या भिशीमंडळाचीही होऊ शकते. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ प्रमाणे पदवी देता येते ती कायद्यानं स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला, किंवा संसदेनं खास अधिकार दिलेल्या संस्थेला. बाकी कुणालाही नाही, मग शिक्क्यात कबुतर असो की कमळ. आयोग बनावट विद्यापीठांची यादी संकेतस्थळावर टाकत असतो, ती एकदा उघडून बघ. त्यात आंध्र प्रदेशातलं गुंटूरचं ‘क्राइस्ट न्यू टेस्टामेंट डीम्ड युनिव्हर्सिटी’ आहे आणि विशाखापट्टणमचं ‘बायबल ओपन युनिव्हर्सिटी ऑफ इंडिया’ही आहे. आपलं माणूस ‘बायबल’ शब्द वाचून पाकीट काढतं, हे या मंडळींना पक्कं माहीत आहे.

मग करायचं काय? आधी ठरव, तुला कितवीला शिकवायचंय. पहिली ते पाचवी असेल तर बी.एड.चा उपयोगच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बी.एड.वाल्यांना त्या वर्गांसाठी अपात्र ठरवलंय. तिथे डी.एल.एड. लागतं, म्हणजे आपलं जुनं डी.एड. तू सहा वर्षं लहान मुलांत रमली आहेस, तेव्हा यावर नीट विचार कर. नववी-दहावीला मराठी शिकवायचं असेल तर बी.एड. त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते आणि खुल्या गटाला पदवीला ५० टक्के लागतात. तुझे ५४ आहेत, म्हणजे दार उघडं आहे.

ख्रिस्ती वातावरणाची तुझी इच्छा मला समजते. ते वातावरण नियमित बी.एड.मध्ये मिळतं, आणि पूर्ण मान्यतेसह. मुंबईत चर्चगेटजवळ सेंट झेवियर्स इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन १९५३ पासून आहे, सांताक्रूझला सेंट तेरेसा आहे. अशा कॉलेजांत ख्रिस्ती अल्पसंख्याक कोट्यातून जागा असतात. पण तीन वर्षांचं पोर घेऊन श्रीरामपूरहून मुंबई? मी तुझ्या जागी असते तर घराजवळचं, एनसीटीईच्या यादीत नाव असलेलं साधं कॉलेज धरलं असतं आणि ख्रिस्ती वातावरण रविवारी चर्चमध्ये आहेच म्हटलं असतं. सासूबाई किंवा आई दोन वर्षं मुलाकडे बघतील का, हे मिस्टरांना शेजारी बसवून विचार. तुझा खरा प्रश्न तो आहे, कॉलेजचा नाही.

दूरशिक्षणाचा सोस असेल तर एम.ए. मराठी कर, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून. तिथे दूरशिक्षण सचोटीचं आहे. प्रवेशाआधी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या वर्षासाठी तो अभ्यासक्रम मंजूर आहे का ते बघ. विद्यापीठ खरं आणि कोर्स नामंजूर, असंही घडतं. आणि डी.एल.एड. किंवा बी.एड. झालं की टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, देऊन टाक. अल्पसंख्याक शाळांना ती लागू आहे की नाही हा मुद्दा सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोठ्या पीठाकडे सोपवलाय, पण त्या निकालाची वाट बघत बसण्यापेक्षा परीक्षा दिलेली बरी.

पाळकसाहेबांच्या ओळखीतल्या त्या गृहस्थांना मात्र एक विचार : ‘‘तुमची वैयक्तिक मान्यता झाली का?’’ उत्तर काय आलं ते मला कळव.

प्रश्न : मी जालन्याचा, वय ३४, दुकान आहे. मला शाळेत नोकरी नको, आमच्या चर्चच्या मंडळीत पवित्र शास्त्र शिकवायचंय. दूरशिक्षणानं ईश्वरविज्ञान शिकता येतं का? ते कॉलेजही सरकारमान्यच बघायचं का?

उत्तर : दादा, तुमचं गणित वेगळं आहे. तुम्हाला शिक्षणाधिकाऱ्याची सही नको, तुमच्या मंडळीचा विश्वास हवा. तेव्हा एनसीटीई विसरा.

या क्षेत्रात भारतात फार जुनं नाव श्रीरामपूरचं. (वरच्या ताईंचं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं, हुगळीकाठचं!) विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ मध्ये ते कॉलेज काढलं. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून १८२७ मध्ये पदव्या देण्याची सनद मिळाली ती डेन्मार्कच्या राजाकडून. पुढे १९१८ च्या कायद्यानं पदव्या देणारं मंडळ, म्हणजे सिनेट, स्थापन झालं, आणि आज देशभरातली ईश्वरविज्ञान महाविद्यालयं त्याला संलग्न आहेत. आपल्या पुण्याचं युनियन बिब्लिकल सेमिनरीही त्यातलंच. ते पूर्वी यवतमाळला होतं. नोकरी-धंदा सांभाळून बाहेरून करता येतील असे डिप्लोमा आणि बी.सी.एस. हे अभ्यासक्रम सिनेट चालवतं. बी.सी.एस. म्हणजे बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज.

दुसरं नाव बंगळूरच्या टॅफ्टी या ईश्वरविज्ञान दूरशिक्षणानं शिकवणाऱ्या संस्थेचं, १९७१ पासूनचं. त्यांची रीत मला आवडते. पुस्तक घरी वाचायचं आणि ठरावीक दिवशी गावातल्याच पाच-सात जणांनी एकत्र बसून त्यावर बोलायचं. दुकानदाराला हे झेपतं. माझे धाकटे दीर असं शिकले, सोमवारी दुकान बंद असायचं तेव्हा. गटात एक रिक्षावाले होते, एक निवृत्त नर्स. दीर म्हणायचे, पुस्तकापेक्षा नर्सबाईंचे प्रश्न अवघड.

काही सेमिनरींच्या माहितीपत्रकावर ‘एटीए’ असं दिसेल. ती आशियातल्या ईश्वरविज्ञान संस्थांची संघटना आहे, १९७० ची. ती संस्थेचे शिक्षक, ग्रंथालय, अभ्यासक्रम तपासून दर्जा ठरवते. ती सरकारी मान्यता नव्हे, पण पोकळही नव्हे. फक्त उद्या या पदवीवर हायस्कुलात बी.एड.च्या जागी अर्ज करू नका. आणि शिकायला लागण्याआधी तुमच्या पाळकांना भेटा, कारण कोणती पदवी आपली मंडळी मानते हे पंथागणिक बदलतं.

प्रश्न : मुलगी लग्न होऊन टेक्सासला असते. तिथल्या एका ख्रिस्ती कॉलेजातून ऑनलाइन शिक्षिकेचं शिक्षण घेणार म्हणते. कॉलेज ‘ट्रॅक्स’ मान्य आहे. हे खरं असतं का? — एक आई, पिंपरी

उत्तर : ट्रॅक्स खरं आहे. ती तिथल्या ख्रिस्ती कॉलेजांना मान्यता देणारी संस्था आहे आणि अमेरिकेच्या शिक्षण खात्याची तिला मान्यता आहे. कॉलेज त्यांच्या यादीत आहे ना, एवढं मुलीनं ट्रॅक्सच्या संकेतस्थळावर बघावं. कॉलेजच्या संकेतस्थळावरचं चिन्ह कुणालाही चिकटवता येतं.

पण तिथेही आपल्यासारखाच पेच आहे. सरकारी शाळेत शिकवण्याचा परवाना प्रत्येक राज्य स्वतः देतं. कॉलेज मान्य असलं तरी त्याचा कोर्स टेक्सासच्या परवान्याला चालेलच असं नाही. आपला कोर्स कोणत्या राज्यात चालतो आणि कोणत्या राज्यात नाही, हे सांगणं कॉलेजांना बंधनकारक आहे. तिनं ते ईमेलवर लेखी मागावं. प्रत्यक्ष वर्गात पाठ घेण्याची सोय तिच्या गावातल्या शाळेत कोण करणार, तेही त्याच ईमेलमध्ये विचारावं. तिला फक्त ख्रिस्ती खासगी शाळेत शिकवायचं असेल, तर त्या शाळांच्या एसीएसआय या संघटनेचं वेगळं प्रमाणपत्र असतं. संघटनेतल्या शाळांत ते चालतं, सरकारी शाळेत नाही.

आणि पुढेमागे भारतात परतायचा बेत असेल तर ते मला आत्ताच लिहा. त्याचं उत्तर वेगळं द्यावं लागेल.