दगडातून कोण आलंय? खाऱ्या पाण्याच्या टँकविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त एकाच चालीचे आहेत, "दगडात काहीतरी हललं, मारू का?" म्हणून यावेळचं सदर त्यालाच दिलंय. ज्यांच्याकडे गोड्या पाण्याचे मासे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, रीफ टँकमध्ये आपण लाइव्ह रॉक टाकतो म्हणजे समुद्रातला सच्छिद्र दगड, शिवाय कोरलचे म्हणजे प्रवाळाचे छोटे तुकडे आणतो ज्यांना फ्रॅग म्हणतात, आणि या सगळ्याच्या भोकाभोकांत बसून किडे, खेकडे, गोगलगायी, शेवाळं असं कायकाय न बोलावता घरी येतं. हॉबीत त्यांना हिचहायकर म्हणतात. माझं म्हणणं एवढंच की आधी नीट बघा, ओळखा, आणि मगच हात घाला, कारण चुकीचा जीव मारण्यापेक्षा चुकीच्या पद्धतीने मारण्यात टँकचं जास्त नुकसान होतं.

प्रश्न (डोंबिवली): दादा, तीन फुटी टँक आहे, चार महिने झालेत. रात्री पाणी प्यायला उठलो आणि मोबाइलचा टॉर्च मारला तर दगडाखालून बोटभर लांब, गुलाबीसर, गोमेसारखा किडा निघालेला, दोन्ही बाजूंना पांढरे केस. उजेड पडताच आत पळाला. घरचे म्हणतात हॉलमध्ये असलं काही नको. दुकानदार म्हणाला सगळे दगड गोड्या पाण्यात बुडवून काढा. काढू का?

उत्तर: नका काढू, अजिबात नका. तुम्ही बघितलात तो ब्रिसल वर्म, आणि तो तुमच्या टँकचा सफाई कामगार आहे. दगडाखाली अडकलेलं खाणं, माशांची घाण, मेलेला जीव, जिथे तुमचा हात आणि सायफन पोचत नाही तिथलं सगळं तो खातो. दगड गोड्या पाण्यात बुडवले तर हा मरेलच, पण त्याच्यासोबत आतले शेकडो लहान जीव आणि चार महिने जपलेले बॅक्टेरियासुद्धा मरतील, ते सगळं आत कुजेल, अमोनिया वर जाईल आणि मग मासे जातील. किड्याने काहीच केलं नसताना.

या बिचाऱ्यावर आळ कसा येतो तेही सांगतो, कारण मी स्वतः बघितलंय. माझ्याकडे एक टर्बो गोगलगाय दोन दिवस उलटी पडलेली होती, मला वाटलं झोपलीय. लाइट बंद झाल्यावर टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून बसलो (लाल उजेडाला हे जीव फारसे बुजत नाहीत, तुम्हीही असंच बघा) तर आधी एक किडा आला, शंखाच्या तोंडाशी थांबला, मग दुसरा, तासाभरात सात-आठ जण आत शिरले होते. सकाळी शंख आतून धुतल्यासारखा स्वच्छ. आता जो माणूस फक्त सकाळी बघेल तो म्हणणारच की किड्यांनी गोगलगाय मारली, पण ती आधीच मेली होती, यांनी फक्त घाण पाण्यात पसरू दिली नाही.

खूप दिसायला लागले तर समजा खाणं जास्त पडतंय. खाणं कमी केलं की दोन-तीन महिन्यांत त्यांची संख्याही आपोआप उतरते. खरा त्रासदायक भाऊबंद म्हणजे फायरवर्म, हर्मोडिसी कॅरुनक्युलाटा, तो जाडजूड असतो, बाजूने लालसर झुपके असतात आणि तो दिवसाढवळ्या कोरलवर चढून कोरल खातो, पण तो अटलांटिक, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रातला आहे, इंडो-पॅसिफिकच्या दगडातून यायचा नाही.

एक काळजी मात्र घ्या, उघड्या हाताने दगड उचलू नका. ते पांढरे केस म्हणजे निवडुंगाची कुसळंच, बोटात घुसून तिथेच तुटतात आणि खाजकुयलीसारखी आग होते. टोचलंच तर चोळू नका, चिकटपट्टी दाबून लावा आणि सरळ ओढा, पट्टी उजेडात धरली की बारीक चकाकणाऱ्या काड्या चिकटलेल्या दिसतील. मग व्हिनेगर लावा. सूज वाढली तर डॉक्टरकडे जा.

प्रश्न (कोथरूड, पुणे): झोआ कोरलच्या फ्रॅगसोबत एक छोटं तपकिरी फूल आलं होतं, छान दिसत होतं म्हणून ठेवलं. मग कुणीतरी सांगितलं ते वाईट असतं, म्हणून चिमट्याने ओढून काढलं. आता त्याच जागी पाच आहेत आणि मागच्या काचेवर दोन.

उत्तर: हे एप्टेशिया. काचेसारखं अर्धपारदर्शक तपकिरी खोड, वर लांब टोकदार बोटं, एकूण आकार ताडाच्या झाडासारखा, आणि हात जवळ नेला की भोकात आत गडप. ट्यूबमध्ये राहणारा फेदर डस्टर वर्मही असाच पटकन आत जातो आणि लोक दोघांत गफलत करतात, पण त्याचा तुरा पिसांसारखा असतो आणि खाली कागदी किंवा कडक नळी दिसते, तो निरुपद्रवी आहे, त्याला राहू द्या.

एप्टेशिया हे समुद्रफुलाच्याच जातीतलं आहे, आणि त्याच्या तळव्याचा नखाएवढा तुकडा जरी दगडावर राहिला तरी त्यातून नवीन उगवतं. त्यामुळे ओढणं, खरवडणं, चिरडणं म्हणजे लागवड करण्यासारखंच आहे. सुरुवातीच्या काळात मी एक स्क्रूड्रायव्हरने खरवडलं होतं आणि महिन्याभरात त्याच दगडावर अकरा मोजली, त्यातल्या एकाने शेजारचा माझा लाडका हॅमर कोरल डंख मारमारून अर्धा जाळला, त्याचं वाईट अजून वाटतं. म्हणून तुम्ही आत्ता सातवर थांबा, सात म्हणजे हाताबाहेर गेलेलं नाही.

सातला सगळ्यात सोपा उपाय चुना. कालक्वासर म्हणून जे विकतात ते शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपल्या पानाच्या चुन्याचंच शुद्ध रूप, पण टपरीवरचा चुना वापरू नका, त्यात काय मिसळलंय माहीत नसतं. ग्लोव्हज आणि चष्मा घालून थोड्या आरओ पाण्यात दह्याएवढी घट्ट पेस्ट करा, बिनसुईच्या किंवा बोथट सुईच्या सिरिंजमध्ये भरा, सगळे पंप बंद करा आणि हळूच त्याच्या तोंडावर सोडा. गडबडीने गेलात तर ते आत ओढून घेईल आणि पेस्ट बाहेरच राहील. आत गेलंच तर भोक पेस्टने बुजवून टाका. दहा-पंधरा मिनिटांनी पंप चालू. एका दिवसात दोन-तीनच करा कारण चुन्याने पीएच चढतो. काचेवरच्या दोघांनाही हेच करा, ब्लेडने काढू नका.

पन्नास-साठ झाली असती तर मी खाणारा प्राणी आणा म्हटलं असतं. पेपरमिंट श्रिंप बऱ्याचदा खातात, पण घेताना पाठ नीट बघा, कुबड असलेली, मोठ्या डोळ्यांची, लालवर ठळक पांढऱ्या रेघा असलेली कोळंबी पेपरमिंट म्हणून हातात दिली जाते, ती कॅमल श्रिंप असते आणि झोआ खाते. बर्गिया नावाची छोटी समुद्री गोगलगाय एप्टेशियाशिवाय दुसरं काही खातच नाही, काम हमखास, पण तुमच्याकडे रास (wrasse) जातीचा मासा असेल तर तो आधी तिलाच खाईल, आणि एप्टेशिया संपलं की ती उपाशी मरते, म्हणून वेळेत दुसऱ्या कुणाला तरी द्या. कॉपरबँड बटरफ्लाय मासा तुमच्या टँकला नको, तो मोठ्या जुन्या टँकमध्येही खाण्यावर यायला त्रास देतो, एका किडीसाठी त्याचा जीव घालवू नका.

आणि पुढचा फ्रॅग घ्याल तेव्हा तो ज्या प्लगवर चिकटवलाय तो प्लग काढून टाका, कोरल नवीन प्लगवर लावा. निम्मी ब्याद त्या प्लगच्या खालीच असते. डिप, म्हणजे फ्रॅग थोडा वेळ औषधाच्या पाण्यात बुडवणं, जरूर करा पण डिपने अंडी मरत नाहीत, त्यामुळे आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा करा आणि तोवर वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवा.

प्रश्न (फोंडा, गोवा): रात्री टँकमधून टक् टक् आवाज येतो. काचेला तडा जातोय की काय या भीतीने झोप लागत नाही. दोन हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) गायब आहेत.

उत्तर: काच नाही जात, पण आवाज करणारे दोघे असू शकतात आणि दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक म्हणजे पिस्टल श्रिंप, एक नांगी दुसरीपेक्षा बरीच मोठी, वाळूत बीळ करून राहतो, बहुतेक कुणाच्या वाटेला जात नाही, उलट गोबी मासा ठेवलात तर दोघं एकाच बिळात संसार करतात, बघत बसावं असं ते दृश्य असतं. दुसरा मँटिस श्रिंप. तुमचे हर्मिट गायब आहेत म्हणून मला त्याचाच संशय जास्त आहे.

सकाळी वाळूवर फुटलेले शंख सापडतात का बघा. फुटलेले, नुसते रिकामे नव्हेत. मग रात्री लाल उजेडात गोल गुळगुळीत तोंडाची भोकं शोधा, देठावरचे दोन डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरताना दिसले की समजायचं, तसे डोळे कोळंबीला नसतात. पुढचे पाय प्रार्थनाकीटकासारखे घडी घातलेले असतात, त्यातल्या मोगरीसारख्या पायाचा फटका मोराच्या रंगाच्या मोठ्या जातीत सेकंदाला २३ मीटर वेगाने बसलेला मोजलाय. दगडातून येणारे बहुतेक दोन-तीन इंचाचेच असतात, तरी बोट भोकात घालू नका, चिरलं जातं.

काढायचं कसं, तर भोक नक्की झालं की तो अख्खा दगड उचलून बादलीवर धरा आणि भोकात साधं सोडा वॉटर सिरिंजने मारा, तो बाहेर पडतो. बादलीत टँकचंच पाणी ठेवा, म्हणजे पडल्यावर तो जगेल. दगड निघण्यासारखा नसेल तर प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवा, आत कोळंबीचा तुकडा, रात्रभर भोकाजवळ ठेवा. पकडल्यावर मारू नका हो, एवढा देखणा आणि हुशार प्राणी. संपमध्ये (sump, टँकला जोडलेली फिल्टरची वेगळी टाकी) किंवा वेगळ्या छोट्या टँकमध्ये छान जगतो.

प्रश्न (दुबई): पोसिलोपोरा कोरलच्या फांद्यांत चण्याएवढा खेकडा बसलाय, कितीही पाणी मारलं तरी हलत नाही. इथले मित्र म्हणतात खेकडा दिसला की काढायचा.

उत्तर: तुमचा खेकडा गुळगुळीत, चकचकीत पाठीचा असेल तर तो ट्रॅपेझिया, आणि त्याला काढलंत तर कोरलचा राखणदार काढलात. तो फांद्यांमधली घाण साफ करतो, आणि समुद्रात कोरल खाणारा काटेरी तारामासा चढायला लागला की त्याच्या पायांना चिमटे काढून हाकलतो, एवढ्याशा जिवाने. मोबदल्यात कोरलच्या चिकट स्रावावर जगतो. केसाळ पाय आणि काळ्या टोकाच्या नांग्या असत्या तर मी म्हटलं असतं पकडा, ते मोठे झाले की मासे आणि कोरल दोन्ही कुरतडतात.

प्रश्न (ठाणे): जुन्या मित्राने टँक बंद केला, त्याचे पंधरा किलो दगड मिळालेत. त्यावर एप्टेशिया, खेकडे, तपकिरी बटणांसारखे कोरल सगळंच आहे. मोठ्या पातेल्यात उकळून घेतले की सगळं मरेल ना?

उत्तर: हात जोडून सांगतो, उकळू नका. ती तपकिरी बटणं पॅलिथोआ असू शकतात आणि त्यांच्यात पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. हवाईमधल्या लोकांना ते पिढ्यान् पिढ्या माहीत होतं, शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये ते वेगळं काढलं. उकळल्याने हे विष नष्ट होत नाही, उलट वाफेसोबत घरभर पसरतं, आणि दगड उकळल्यामुळे अख्ख्या कुटुंबाला हॉस्पिटलात न्यावं लागल्याच्या घटना परदेशात नोंदलेल्या आहेत. ताप, अंग ठणकणं, धाप, तोंडात धातूची चव अशी लक्षणं असतात. कोरड्या ब्रशने घासणं, प्रेशर वॉशर मारणं हेही नको.

बटणं असलेले दगड वेगळे काढा, जाड ग्लोव्हज आणि चष्मा घालून, हाताला जखम असेल तर दुसऱ्याला सांगून. ते घेऊच नका असं माझं मत आहे. बाकीचे झाकणाच्या ड्रममध्ये खाऱ्या पाण्यात, पंप आणि हीटर लावून, पूर्ण अंधारात दोन-तीन महिने ठेवा, शेवाळ मरतं, एप्टेशिया बरंच खंगतं, उरलेलं चुन्याने. आणि असल्या दगडांना हात लावल्यावर कधी वरची लक्षणं दिसलीच तर मोकळ्या हवेत या, हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हा शब्द आवर्जून सांगा, कागदावर लिहून न्या.

प्रश्न (कोल्हापूर): विकतच्या दगडातून एवढं सगळं येतं तर आम्ही मालवणला जातोच, तिथूनच स्वच्छ बघून दोन दगड आणले तर?

उत्तर: नाही. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत, आणि मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथून काही उचलायचं नाही. शिवाय स्वच्छ दिसणाऱ्या दगडात आत काय आहे ते बाहेरून कळतच नाही. तुम्हाला पाहुणे नकोच असतील तर कोरडा दगड किंवा सिरॅमिकचा घ्या, बाटलीतले बॅक्टेरिया टाका, सायकल व्हायला, म्हणजे बॅक्टेरिया रुजून अमोनिया पचवायला लागायला, वेळ लागेल पण दगडातून कुणी येणार नाही.

प्रश्न (नाशिक): काचेवर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके पळतायत, आणि नखाएवढे, वाकडेतिकडे पाय असलेले तारामासेही दिसतायत. दोन्ही रोज वाढतायत.

उत्तर: ठिपके म्हणजे कोपेपॉड, जवळ्याचे लांबचे भाऊबंद, माशांचं उत्तम खाणं, ते वाढतायत म्हणजे टँक बरा चाललाय. तारामासे अॅस्टेरिना, स्वतःचे दोन तुकडे करून वाढतात म्हणून पाय लहानमोठे दिसतात. बहुतेक काचेवरची शेवाळच खातात. एखाद्या कोरलवर रोज तेच बसलेले आणि खाली पांढरा डाग दिसला तर हाताने वेचा. हार्लेक्विन श्रिंप त्यांना खाते पण ती तारामाशांशिवाय काहीच खात नाही, ते संपल्यावर तिला रोज काय घालणार हे ठरल्याशिवाय आणू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तारामाशाची फक्त पाठ दिसतेय, काचेला चिकटलेल्याचा बाहेरून पोटाकडचा फोटो पाठवा, मग नक्की सांगतो.