उपवासाला काय चालतं?

सांगली

प्रिय बाळा,
सप्रेम आशीर्वाद.

राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा आपला उपवासकाळ सुरू झाल्यापासून, तू दिवसभर नुसत्या पाण्यावर असतोस, असं वहिनी परवा देवळात मिस्सा झाल्यावर सांगत होत्या. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. तू उपाशी राहतोस म्हणून नव्हे, घरात कुणाशी धड बोलत नाहीस म्हणून. आणि रात्री तुझा मेसेज, 'काका, उपवासाला साबुदाणा चालतो का?'

चालतो. भाकरीही चालते. शेजारच्या एकादश्या-चतुर्थ्या बघत आपण वाढलो, त्यामुळे उपवास म्हटला की आधी 'काय चालतं' हेच तोंडात येतं. आपल्या ख्रिस्तसभेचा नियम पदार्थांचा फारसा विचार करत नाही. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (प्रभूच्या मरणाचा दिवस, गुड फ्रायडे) या दोन दिवशी एकदाच पोटभर जेवायचं, सकाळ-संध्याकाळ लागलंच तर थोडंसं खायचं, मांस वर्ज्य. वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत हा उपवास. आजाऱ्याला त्यातून मोकळीक. तू मात्र रविवारीही उपाशी राहिलास म्हणे. अरे, रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस. उपवासकाळाचे चाळीस दिवस आपण रविवार वगळूनच मोजतो. त्या दिवशी आईच्या हातचं जेव.

त्याहून जास्त करायचं असेल तर जरूर कर, पण फादरांना विचारून. आणि त्याआधी यशया संदेष्ट्याचा ५८ वा अध्याय वाच. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी मिस्सात तोच वाचतात. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला तरी तू बघत का नाहीस? देव म्हणतो, उपासाच्या दिवशीही तुम्ही आपलंच साधता आणि आपल्या कामकऱ्यांना राबवून घेता. मग त्याला आवडणारा उपास कोणता तेही सांगतो: भुकेल्याला आपल्या भाकरीतली भाकर द्यायची, बेघराला घरात घ्यायचं.

हे शब्द मला एका उत्तम शुक्रवारी कळले. त्या वर्षी पलूसकडच्या शेतावर ऊसतोड लांबली होती. मी पहाटेपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता आणि त्याचा मला अभिमान होता. अकराच्या सुमारास टोळीतली एक बाई कडेवर पोर घेऊन फाटकाशी आली. हातात तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा. "दादा, प्यायला पाणी द्या." डोकं दुखत होतं, ऊन चढलं होतं. मी बसल्या जागेवरून ओरडलो, "मोटर बंद आहे, तिकडं ओढ्यावर बघा." मोटर बंद नव्हती. ती काही न बोलता वळली. पोराचा पाय तिच्या कमरेशी हलत होता, तेवढं अजून दिसतं.

दुपारी देवळात योहानच्या शुभवर्तमानातलं प्रभूचं दुःखसहन वाचलं जात होतं. वधस्तंभावरून प्रभू म्हणाला, "मला तहान लागली आहे." माझे पाय लटपटले. संध्याकाळी दोन घागरी घेऊन टोळीच्या खोपटांकडे गेलो. तिनं पाणी ओतून घेतलं आणि माझ्याकडे न बघता घागर परत दिली.

बाळा, तुझ्या भुकेची किंमत आई मोजत असेल, मार्केट यार्डातले हमाल मोजत असतील, तर तो उपवास तुझा कसा? हळदीचे सौदे जोरात असताना सकाळपासून पोती वाहणाऱ्या माणसावर उपाशीपोटी खेकसू नकोस. चिडचिड होणार असेल तर दोन घास खा आणि त्याच्याशी नीट बोल. पाचव्या शतकातले बिशप संत पीटर क्रिसोलोगस उपवासाला प्रार्थनेचा आत्मा म्हणतात आणि दयेला उपवासाचं जीवन.

मग उपाशी राहायचंच कशाला, असं तुला वाटेल. प्रभूनं ते स्वतः सांगितलंय: नवरदेव, म्हणजे तो स्वतः, शिष्यांपासून काढून घेतला जाईल तेव्हा ते उपास करतील. लेक परगावी असला की आईला ताटावर बसवत नाही, तशी ती भूक. कोणी सांगून होत नाही. तू दुपारी पोटात कालवलं की मोबाईल हातात घेऊ नकोस. 'प्रभू, तू हवास' एवढंच म्हण. मी अजून तेच म्हणतो. काही दिवशी ते नुसतं तोंडानं होतं, तरी म्हणतो.

डब्याचे वाचलेले पैसे वेगळे ठेव आणि कुणाला दिलेस ते मलाही सांगू नकोस. सकाळी तोंड धू, डोक्याला तेल लाव, वहिनींनी केलेला चहा त्यांच्याजवळ बसून पी. शुक्रवारी देवळात क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला आई आणि तू मिळून या. मी दाराशी थांबतो.

तुझा,
काका