समाजाची छोटी दफनभूमी ट्रस्ट करून कशी चालवायची? दफनाच्या फीमध्ये खर्च भागतो का?

तुम्ही लिहिलंय की नागपूरच्या हद्दीत तुमच्या समाजाची जुनी दफनभूमी आहे, आजवर दोन-तीन ज्येष्ठांनी पदरमोड करून सांभाळली, आता रीतसर ट्रस्ट करायचा आहे आणि दफनाच्या फीवर सगळं चालेल असा अंदाज आहे. मी इथल्याच एका ख्रिस्ती मंडळीच्या दफनभूमी समितीचा खजिनदार आहे. फीवर नाही चालत, हे आधीच सांगून टाकतो.

कुटुंब पैसे एकदाच देतं, पण त्या कबरीवर गाजरगवत दरवर्षी उगवतं. अंबाझरी किंवा मोक्षधामसारख्या दहनघाटांवर माणसांपासून पाण्यापर्यंत मनपा बघते. आपल्याकडे कुंपण, मोटर, विजेचं बिल, रखवालदार, सगळं आपल्याच खिशातून. आणि यंदा दफनं जास्त होऊन उत्पन्न वाढावं असं कोणती समिती म्हणेल? म्हणून प्रत्येक पावतीचे दोन भाग करा. एक खोदाईचा व त्या दिवसाच्या खर्चाचा, दुसरा कायम निधीचा. या निधीच्या मुदलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं, हे नियमावलीतच लिहून ठेवा. तरी भ्रमात राहू नका. 10 लाखांची ठेव 7 टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला 70 हजार, म्हणजे महिन्याला 5,800 च्या आसपास. तेवढ्यात पूर्णवेळ रखवालदार मिळत नाही. उरलेलं वार्षिक वर्गणीतून काढावं लागतं. आमच्याकडे 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, लोक कबरी धुवायला, मेणबत्त्या लावायला येतात. त्या दिवशी फाटकाशी टेबल टाकून बसलं की वर्षभर फोनवर टाळणारेही वर्गणी भरून जातात.

ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचं दफन अडवायचं नाही, हा ठराव पहिल्याच बैठकीत करा. फी माफ केली तर अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीची चिठ्ठी फाइलला लावा, नाहीतर ऑडिटच्या वेळी तोंडी दयेचा हिशेब देता येत नाही. आणि पैशाचं बोलणं घरच्या माणसाशी नको. एखादा काका, शेजारी, मंडळीतला पंच यांच्याशी बोला.

आता जमिनीकडे वळतो, कारण खरी डोकेदुखी तिथे आहे. तुमच्याकडेही काळी मातीच असणार. मे महिन्यात ती अशी भेगाळते आणि वाळून अशी घट्ट होते की कुदळ उडते. आमचे खोदणारे आदल्या संध्याकाळी जागा आखून पाणी सोडतात, पहाटे सब्बल (पहार) घालतात आणि ऊन चढायच्या आत खाली मुरमापर्यंत पोचतात. पावसाळ्यात उलटं. खणलेल्या खड्ड्यात पाणी झिरपतं, कडा ढासळतात. ताडपत्री, पाणी उपसायचा छोटा पंप आणि कडांना लावायच्या फळ्या तयार ठेवा. त्या दिवशी किरायाने शोधत फिरू नका. लोकांना महिन्याभरातच ग्रॅनाइट लावायची घाई असते. त्यावर आमच्या खोदणाऱ्या भाऊंचं एकच म्हणणं, "पयले माती बसू द्या, मंग फरशी लावा." बरोबर आहे त्यांचं. भरलेली माती पहिल्या पावसात हातभर खचते आणि वरची फरशी मधोमध तडकते. आम्ही एक अख्खा पावसाळा गेल्याशिवाय पक्क्या बांधकामाची परवानगी देत नाही, मग कोणी नगरसेवकाचा फोन आणो. खचलेल्या कबरींवर माती टाकायला जुलैतच एक ट्रॉली मुरूम मागवून ठेवावा.

पक्क्या बांधकामाची दुसरी अडचण जागेची. प्रत्येक कबरीवर चौथरा उठला की वीस-पंचवीस वर्षांत दफनभूमी भरते. त्यामुळे त्याच कबरीत घरातल्या दुसऱ्याचं दफन करायची सोय ठेवा आणि किती वर्षांनी ते करता येईल हे ठरवून लिहा. पेटी साध्या लाकडाची असावी. सनमायका आणि प्लास्टिकच्या अस्तराची पेटी इतकी वर्षं टिकते की कबर पुन्हा उघडताना पंचाईत होते. पावतीवर ठळक छापा की ही दफनाची परवानगी आहे, जागेची मालकी नाही. भावाभावांची भांडणं याच एका वाक्याने मिटतात. निदान निम्मी तरी.

कागदांत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रजिस्टर आणि नकाशा. ओळ, कबर क्रमांक, नाव, तारीख, जवळच्या दोन नातेवाइकांचे फोन. एक प्रत दफनभूमीत, दुसरी दुसऱ्या कोणाच्या घरी, कारण वाळवी पण आपलीच. डॉक्टरने दिलेल्या मृत्यूच्या दाखल्याशिवाय फाटक उघडू नका. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी आणि 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने दफनभूमी सांभाळणाऱ्यावरही कळवायची जबाबदारी टाकली आहे, हे बऱ्याच समित्यांना माहीतच नसतं. दफन झालेली कबर चौकशीसाठी उघडायची म्हणून कोणी आलं तर दंडाधिकाऱ्यांचा लेखी आदेश पाहिल्याशिवाय कुदळ लावू देऊ नका.

नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली. मुस्लिम कब्रस्तान असेल तर मात्र वक्फ मंडळाकडे. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा; हे राहून जातं आणि दहा वर्षांनी कळतं की कागदावरचे निम्मे विश्वस्त आपल्याच दफनभूमीत आहेत. जमीन विकायची असेल तर कलम 36 खाली पूर्वपरवानगी लागते, म्हणून रस्त्याकडेचा तुकडा दुकानाला देऊन पैसे उभे करू असं कोणी सुचवलं तर तिथेच थांबवा. देणगीदारांना आयकरातल्या कलम 80जीच्या सवलतीचं आश्वासनही देऊ नका. एकाच धर्माच्या समाजापुरत्या ट्रस्टला ती सहसा मिळत नाही.

झाडांचंही विचारलंय तुम्ही. कडुनिंब लावा, पण कुंपणाच्या कडेने. वड-पिंपळाचं रोप कबरीच्या फटीत दिसलं की बोटाएवढं असतानाच उपटा. गुलमोहर नको. उन्हाळी वादळात त्याच्या फांद्या मोडतात आणि खाली कोणाचा तरी संगमरवरी क्रूस असतोच.